आत्याबाई झोक्यावर चढल्या तेव्हा

विमलताईंनी मोरीत ओकारी काढली तेव्हा आत्याबाईंच्या दोन्ही हातांवर मांडा होता.

खापरावरचा मांडा ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक आहे, एकदा तो हातावर घेतला की मध्ये थांबता येत नाही. या हातावरून त्या हातावर झेलत राहायचं, तो पसरत पसरत कोपरापर्यंत आला की एका झटक्यात चुलीवरच्या तापल्या खापरावर टाकायचा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. त्यांचे हात चालूच होते, पण डोळे लागले होते मोरीकडे. मांडा कोपर ओलांडून दंडापर्यंत आला, खाली लोंबायला लागला, त्याच्यातून चुलीचा जाळ दिसायला लागला.

"आत्याबाई, टाका! टाका की!" मी ओरडले.

"कितवा गं विमल?" त्यांनी मोरीकडे बघत विचारलं.

"तिसरा लागलाय," मोरीतून आवाज आला. "आणि आई, आता आरडाओरडा करू नको."

मांडा पडला. अर्धा खापरावर, अर्धा राखेत. मला हसू आवरेना. आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की हसू गपकन गिळलं.

त्यांचं तरी काय चुकलं? आजी होणार याचा आनंद होताच, पण दिवस होता आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आणि विमलताई म्हणजे आमच्या गल्लीची झोक्यावरची वाघीण. गावाबाहेर मारुतीच्या पारापाशी मोठा निंब होता. त्याला मोटेच्या नाड्याचा, म्हणजे जाड दोराचा, झोका बांधायचे, आणि उंच शेंड्याच्या फांदीला लाल खण. फळीवर दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, झोका चढवायचा आणि खण ओढून आणायचा. वरची गल्ली आणि खालची गल्ली. सासरी गेलेल्या लेकी माहेरी आल्या की चार दिवस हेच. पोळ्या खायच्या, रस ओरपायचा, झोके घ्यायचे आणि एकमेकींच्या सासरची लक्तरं काढायची. मागची तीन वर्षं खण वरच्या गल्लीने नेला होता. यंदा तो विमलताई आणणार होत्या. आणि विमलताई मोरीत होत्या.

मी कोण, तर या घरची सून. हिरा. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, वय एकोणीस. साल विचारू नका, नदीवर पूल नव्हता इतकं सांगते. लग्नानंतरची पहिली आखाजी म्हणजे पोरीने माहेरी असायचंच. भाऊ गाडी घेऊन न्यायला येतो, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, गाडीत गादी. नदीपलीकडे दोन कोसांवर माझं पिंपरी. तिथे आमच्या दारात निंब, निंबाला झोका, आणि त्या झोक्यावर लग्नाआधी माझ्याइतकं उंच कोणी जात नव्हतं. हे मी फुशारकीने नाही सांगत. बरं, फुशारकीनेच सांगते.

पण भाऊ आलाच नाही.

आठवडाभर मी कान टवकारून घुंगरं ऐकत होते. शेजारच्या सुना गेल्या, समोरची गेली, कोपऱ्यावरच्या तेलीणबाईंची तोतरी सूनसुद्धा गेली. मी आपली डाळ निवडते आहे. कारण मला पक्कं माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. लग्नात आमच्या वडिलांनी मामंजींना जो फेटा बांधला तो म्हणे व्याह्याच्या मानाने आखूड होता. आत्याबाई दर चार दिवसांनी आठवण काढायच्या, "फेट्याचं त्यांच्या मनातून गेलं नाही हो." त्यांच्या म्हणजे मामंजींच्या, माझ्या सासऱ्यांच्या. मामंजी मोठ्या आवाजाचे, भरघोस मिशांचे धुडकू पाटील. सणाच्या आदल्या दिवशी जेवताना ते एकदम बोलले, "काय गं सूनबाई, तुझा भाऊ रस्ता विसरला की काय?" मी मनात म्हटलं, बघा, जखमेवर मीठ! रात्री उशी भिजवली. आमचे हे एसटीत कंडक्टर, सणाला हमखास ड्यूटी. कोणाला सांगणार?

दुपारी जेवणं उरकली, अर्धं पुरण पाट्यावर झाकून ठेवलं आणि आम्ही निंबाखाली गेलो. सुनांनी जायचं ते बघायला. झोका लेकींचा, हे ठरलेलं. सुना पाराच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहायच्या, कडेवर नणंदांची पोरं. माझ्या कडेवर विमलताईंच्या चुलत बहिणीचं शेंबडं कार्टं होतं, माझ्या पदराला नाक पुसत होतं.

वरच्या गल्लीच्या दोघी चढल्या. त्यातली एक तानूबाई. तानूबाईंचं तोंड म्हणजे तोंडच. सासर जळगावला, त्यामुळे आणखी धार आलेली. तिने झोका चढवला बाई, फळी करकरायला लागली, खाली पोरींनी टाळ्या धरल्या, गाणं सुरू झालं:

निंबाच्या फांदीला गं, झोका मी टांगला,
आभाळाच्या अंगणी गं, पाय माझा लागला...

पण खण राहिला हातभर वर. दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी तिची जोडीदारीण "मला चक्कर येते" म्हणून बसली ती बसलीच. उतरताना तानूबाईंनी तिला जे ऐकवलं ते मी इथे सांगत नाही.

आता पाळी आमची. विमलताई पाराला टेकून चिंच चोखत होत्या.

"कोण चढतंय खालच्या गल्लीचं?" तानूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "का सगळ्याच चिंचा खाताय?"

आमच्या लेकी एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली माझं पोर लहान आहे. एक म्हणाली मला उंचीची भीती. बेबाताई तयार होत्या, पण बेबाताई फळीवर उभ्या राहिल्या असत्या तर झोका सोडा, फांदीच खाली आली असती, आणि हे त्यांनाच पटलं.

"हिरावहिनी," विमलताईंनी चिंचेचं बी थुंकलं, "तू चढ. माहेरच्या झोक्याच्या गोष्टी सांगून माझं डोकं खातेस ना? दाखव आता."

खरं सांगते, माझे तळपाय शिवशिवायला लागले.

"वा गं वा!" तानूबाई उसळल्या. "झोका लेकींचा आहे. सून चालत नाही. उद्या म्हणाल सासू चढवतो. सून चढवायची ना? मग सासूलाही चढवा तिच्यासमोर! चढवा, मी काही बोलणार नाही!"

सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले, काय करणार. त्या हसण्यात मला आधी कळलंच नाही की माझ्या कडेवरचं पोर कोणीतरी काढून घेतलं. वळून बघते तर आत्याबाई. त्यांनी पोर विमलताईंच्या मांडीवर आदळलं, पदर कमरेला खोचला, कासोटा ओढून घट्ट केला, आणि पायातली जोडवी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"ठेव कनवटीला," म्हणाल्या. "फळीवर टोचतात."

"आई, काहीतरीच काय!" विमलताई ओरडल्या.

"तानूने म्हटलं ना चढवा. तिच्या तोंडचा शब्द आहे. आता फिरवते काय गं तानू?"

तानूबाईंनी कमरेवरचे हात काढले आणि दोन पावलं मागे सरकल्या. असं गावात पहिल्यांदाच झालं म्हणे.

आत्याबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. मला त्या म्हाताऱ्या वाटायच्या, आता हसू येतं. फळीवर आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो, माझ्या पायांच्या मध्ये त्यांचा पाय, त्यांच्या पायांच्या मध्ये माझा. इतके महिने एका घरात राहून त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. उजव्या भुवईत एक पांढरा केस होता. अंगाला पुरणाचा आणि वेलदोड्याचा वास.

"तुम्हाला येतं का पण?" मी हळूच विचारलं.

"गुडघे वाकव आणि तोंड बंद ठेव," त्या म्हणाल्या.

पहिले चार-पाच हेलकावे आमचं काही जमेना. दोघींचा झोका एकीने चढत नाही. तो समोरचीच्या पाठीकडे निघाला की जोर मी लावायचा, माझ्या पाठीकडे निघाला की तिने. आम्ही दोघी एकदमच जोर लावत होतो, फळी बावचळून आडवी व्हायला लागली. खालून तानूबाईंना कंठ फुटला, "अगं स्वयंपाकघर नाही ते, भांडू नका!" पोरींनी गाणं जलद घेतलं, टाळ्या भराभर पडायला लागल्या, मी त्यांच्या मागे धावायला लागले आणि झोका आणखी बिघडला.

"गाण्याच्या नादी लागू नको," आत्याबाई दातओठ खात म्हणाल्या, "झोक्याच्या नादी लाग. त्याला घाई नसते. त्यांना म्हणू दे काय म्हणायचं ते."

मी कान मिटले. म्हणजे मिटता येत नाहीत, पण मिटले. आणि मग ते जमलं. कसं ते सांगता येत नाही. मी वाकले, त्या ताठ झाल्या. त्या वाकल्या, मी ताठ झाले. नाडा एकदा करकरला आणि गप्प झाला. वारा आधी पायात आला, मग पोटात, मग कानात. खालचं गाणं आपोआप हळू झालं, आमच्या झोक्याला येऊन मिळालं, टाळी बरोबर त्या टोकाला पडायला लागली जिथे झोका क्षणभर थांबतो आणि पोटात काही राहतच नाही.

"माय वं!" मी किंचाळले.

"ओरड, ओरड!" आत्याबाई हसत होत्या. बाई हसत होत्या! त्यांचा अंबाडा सुटला, पदर सुटून मागे फडफडायला लागला, गळ्यातली पोत उडून तोंडावर येत होती आणि त्या फूऽ करून उडवत होत्या. "अजून चढव! घाबरलीस?"

"मी? मी घाबरते?"

"मग लाव की जोर! डाळ निवडतेस तशी काय करतेस?"

खाली बायका वेड्या झाल्या होत्या. कोणीतरी ओरडलं, "नाव घ्या! नाव घेतल्याशिवाय उतरायचं नाही!" झोक्यावरचीने नवऱ्याचं नाव घ्यायचं, ही जुनी खोडी. मला वाटलं माझ्यासाठी आहे. तर सगळ्या ओरडतायत, "सासूने घ्यायचं! सासूने!" आणि नेमके त्याच वेळी मामंजी पाराच्या वाटेवर उगवले. त्यांना कोणीतरी जाऊन सांगितलं होतं की तुमची बायको झाडावर चढली.

आत्याबाईंनी त्यांना वरून बघितलं. मला वाटलं, आता संपलं. ज्या बाईने घरात मामंजींसमोर कधी मोठ्याने शिंक दिली नाही, ती आता पडते खाली. पण त्यांनी मान मागे टाकली आणि आमच्या अख्ख्या गावाला, सोनखेड्याला, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"उंच गेला झोका, खाली राहिला गाव,
धुडकू पाटील खाली उभे, घेते त्यांचं नाव!"

असा काही गलका उठला की निंबावरचे पोपट उडाले. मामंजींनी आधी मिशीवरून हात फिरवला, मग इकडेतिकडे बघितलं, मग दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेतलंय असं दाखवत आभाळाकडे बघत उभे राहिले.

मी हसून हसून हात सोडते की काय असं झालं होतं. आणि त्या हसण्यातच त्यांनी ते सांगितलं.

झोक्यावर बोलायचं म्हणजे तुकड्यातुकड्याने बोलावं लागतं. एका हेलकाव्यात एवढंच वाक्य मावतं, मग वारा येतो.

"तुझा भाऊ आला होता," त्या म्हणाल्या.

वारा.

"काय?"

"रतन. सोमवारी. गाडी घेऊन. मी वेशीपाशी विहिरीवर होते."

झोका माझ्या पाठीकडे गेला, परत आला.

"मग?"

"मीच परत लावला. म्हटलं, मामंजी नाही म्हणतात. फेट्याचं मनात आहे."

"आणि मामंजी?"

"त्यांना कसला फेटा आठवतोय! ते तर रोज विचारतात, पोरीचा भाऊ कसा आला नाही."

खाली गाणं चालूच होतं. आभाळाच्या अंगणी गं. माझ्या हातातला नाडा गरम झाल्यासारखा वाटला. रतन. घुंगरमाळांची गाडी घेऊन आलेला माझा भाऊ, विहिरीवरून माघारी गेला. आणि मी इकडे माजघरात डाळ निवडत होते. आई दारात बसून असेल. तिला वाटलं असेल, पोरीच्या सासरचे असे कसे.

"का?" मी ओरडले. इतक्या जोरात की खालच्या बायकांना वाटलं मजेत ओरडले, त्यांनी टाळी दिली.

 आत्याबाईंचं हसू अजून तोंडावर होतं, पण ते आता तिथे नुसतं राहून गेलं होतं.

"बावीस वर्षं," त्या म्हणाल्या. "माय गेली माझी. भाऊ वेगळे झाले. कोण येणार न्यायला."

वारा.

"बावीस वर्षं आखाजीला मी चुलीपाशी. इकडे मांडे करायचे, तिकडून गाणं ऐकायचं."

वारा.

"वाटलं, यंदा एकीला जोडीला ठेवावं. वाटलं, तूही जरा ऐक चुलीपाशी बसून. खोटं कशाला बोलू. वाटलं होतं तसं."

मला काय वाटलं ते मी सांगते. राग आला. साधासुधा नाही, असा राग की वाटलं हिला इथेच ढकलून द्यावं. आणि ढकलता येत नाही ना दोघींच्या झोक्यावर! ती पडली तर मीही पडते. मग मी काय केलं, गुडघे वाकवले आणि होता नव्हता तो सगळा जोर फळीवर काढला. घे! झोका असा गेला की आत्याबाईंच्या तोंडून "अगं मेले!" निघालं. परत आला. पुन्हा घे! त्यांनीही मुकाट्याने आपल्या पाळीला आपला जोर लावला, एकही चुकवला नाही. मी रागाने चढवत होते, त्या कशाने चढवत होत्या त्यांचं त्यांना माहीत, पण झोक्याला काय कळतंय? तो चढला. नाडा आडवा व्हायला लागला. मला गावाची धाबी, घरांची मातीची सपाट छपरं, खाली दिसली, धाब्यांवर कुरडया वाळत घातलेले धुडके दिसले, नदीचं कोरडं पात्र दिसलं, आणि पलीकडे झाडांचा एक पुंजका, पिंपरीचा.

आणि आत्याबाईंच्या डोक्यामागे लाल खण.

तो त्यांच्या पाठीमागे होता. त्यांना दिसत नव्हता, मला दिसत होता. माझ्या हाताला येत नव्हता, त्यांच्या येत होता. त्यांनी एक हात सोडून, न बघता, मी सांगेन तिथे मारायचा, असा तो खेळ. माझ्या माहेरी अशा वेळी जोडीदारीण जिवाची सखीच लागायची. चुकीच्या क्षणी हात सोडला तर बाई सरळ पारावर.

"कुठंय गं?" त्यांनी विचारलं.

मी बोलले नाही.

झोका गेला, आला. खण त्यांच्या डोक्यावरून वीतभर अंतरावरून गेला. खालून सगळ्या ओरडत होत्या, पण इतक्या जणींचं एकदम काय कळणार.

"हिरा, कुठंय?"

मी तरीही बोलले नाही. गेला, आला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना समजलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नुसता उजवा हात नाड्यावरून सैल केला, बोटं उघडी ठेवली, आणि माझ्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. भुवईतला तो पांढरा केस वाऱ्याने उभा राहिला होता. बाई म्हातारी नव्हती. चिंध्यांची बाहुली हरवलेली पोरगी होती, पंचेचाळीस वर्षांची. मला त्यांचा राग आला होता, आणि त्या क्षणी इतकी मायाही आली की माझं मलाच कळेना यातलं काय खरं.

झोका त्यांच्या बाजूला चढायला लागला. मी जोर लावला.

"डावीकडे, वर," मी म्हणाले. "अजून... अजून... आत्ता!"

त्यांनी हात मारला.

फांदी खाली आली, सपकन सुटली, निंबोळ्यांचा सडा खाली बायकांच्या डोक्यांवर पडला. आणि आत्याबाईंच्या मुठीत लाल खण, निंबाच्या चार पानांसकट. त्या ओरडल्या, मी ओरडले, खाली काय झालं मला माहीत नाही, कारण आम्ही दोघी एकमेकींना नाड्यासकट मिठी मारून हसत होतो आणि झोका कोणीच चढवत नसताना आपला आपण हेलकावत होता, लहान लहान होत.

उतरलो तेव्हा पाय जमिनीला लागेनात. जमीनच झुलत होती. तानूबाई पुढे आल्या, आत्याबाईंच्या कपाळावर बोटं मोडून म्हणाल्या, "काकी, तुमच्या पायाला हात लावते, पण पुढच्या वर्षी तुम्ही घरात बसा." मामंजी घसा खाकरत जवळ आले.

"झालं का समाधान? चला घरी. लोक काय म्हणतील?"

आत्याबाईंनी पदर डोक्यावर घेतला नाही. हातातला खण माझ्या ओटीत टाकला.

"गाडी जुंपा," त्या म्हणाल्या. "हिला पिंपरीला सोडायचंय."

"मी कधी नको म्हटलं?" मामंजी चक्रावले. "मीच तर रोज विचारतोय..."

"तुम्ही नव्हतं म्हटलं. मी म्हटलं. ते मी तिला सांगितलंय. तुम्ही फक्त गाडी जुंपा."

मामंजी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मी खण छातीशी धरून उभी. घरी जायचं, आत्ता, अजून सणाचे तीन दिवस बाकी, आईला बघायचं, रतनच्या पाठीत धपाटा घालायचा. मी आनंदाने तिथेच फुगडी घातली असती. आणि आत्याबाई वाकून पारावरून शेंबडं पोर उचलत होत्या, कडेवर घेत होत्या, त्याचं नाक आपल्या पदराने पुसत होत्या. पुन्हा चुलीकडे निघाल्या होत्या.

"आत्याबाई," मी म्हटलं. "तुम्ही पण चला."

"कुठे?"

"माझ्या माहेरी. आखाजीला."

"वेडी की काय! सुनेच्या माहेरी सासू आखाजीला जाते होय?"

"सासू झोक्यावर तरी चढते होय?"

विमलताई फिस्सकन हसल्या, चिंच घशात अडकली, दोघीतिघींनी पाठ चोळली.  पोराचं नाक पुसून झालं तरी आत्याबाई पुसतच राहिल्या.

"आणि आमच्या जेवणाचं काय?" मामंजींनी विचारलं.

तेव्हा त्या वळल्या. तोंडावर पुन्हा ते झोक्यावरचं हसू.

"पुरण पाट्यावर आहे, खापर चुलीवर आहे. मांडा हातावर घ्यायचा, झेलत राहायचं, कोपरापर्यंत आला की टाकायचा. मध्ये थांबायचं नाही." आणि पोर त्यांच्या हातात दिलं.

घुंगरमाळा नव्हत्या, गादी नव्हती. शेतावरची साधी गाडी, सालदार हाकायला. आम्ही दोघी नदीच्या वाळूतून निघालो. वाटभर कोण हसत होतं आणि का हसत होतं ते विचारू नका. एकीला उचकी लागली की दुसरीला हसू. "धुडकू पाटील खाली उभे" असं म्हणायचा अवकाश, की सालदाराने बैल थांबवून मागे बघायचं.

पिंपरीत पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आई गाडीचा आवाज ऐकून दारात आली, मला बघून जागच्या जागी मटकन बसली, मग धावत आत जाऊन भाकरी घेऊन आली. लेक पहिल्या आखाजीला आली की उंबऱ्याबाहेर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मग पायावर पाणी. आईने तुकडा मोडला, माझ्यावरून ओवाळला, डोळे पुसले. मग तिला मागे उभ्या आत्याबाई दिसल्या आणि तिची पार धांदल उडाली. "विहीणबाई! अगं बाई, विहीणबाई! रतन, पाट आण, सतरंजी टाक, चहा ठेवा..."

आत्याबाई गाडीच्या चाकापाशी अवघडून उभ्या होत्या. पदर नीट करत होत्या, अडकलेलं निंबाचं पान केसातून काढत होत्या. 

"आई," मी म्हटलं, "विहीण म्हणून नको."

आईने माझ्याकडे बघितलं.  आणखी काय सांगू? आईच ती. तिने हातातल्या भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला, उंबरा उतरून चाकापाशी गेली, आणि आत्याबाईंच्या डोक्यावरून पायापर्यंत ओवाळला. मग तांब्या घेतला आणि त्यांच्या पायावर पाणी घातलं. जोडवी नव्हती त्या पायांत, ती अजून माझ्या कनवटीला होती.

आत्याबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडल्या. आमची गल्ली बघत होती. आईने त्यांना कुशीत घेतलं, पाठीवरून हात फिरवला, "आलीस ना बाई, आलीस ना आता," असं कितीतरी वेळ म्हणत राहिली. आई त्यांच्याहून वयाने धाकटी होती, पण तेव्हा ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग आत्याबाईंनी नाक ओढलं, पदराने तोंड पुसलं, आणि अंगणातल्या निंबाकडे मान वर करून बघितलं.

"झोका जरा आखूड बांधलाय," त्या रतनला म्हणाल्या. "सोड आणि परत बांध. मी धरते फळी."

"आधी जेवून घ्या," आई म्हणाली. "दमून आलात. गरम गरम वाढते."

"जेवण काय, ते रोजचंच आहे," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचायला लागल्या.